भरली

तीस वर्षांहून जास्त मी नर्सिंगच्या मुलींना रोगाचं शास्त्र शिकवलं. रोग होतो तेव्हा शरीराच्या आत नेमकं काय बिघडतं, ते. मुली मला भीत असत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, कारण माझं तोंड वाईट आहे. वॉर्डात फिरताना एखादी म्हणाली, "बाई, नऊ नंबरची पेशंट आता छान भरली हो अंगानं," की मी तिथंच उभी राहायची. "भरली म्हणजे काय? कापसाचं पोतं आहे का ती? अंगठा लाव तिच्या नडगीवर. दहा आकडे मोज. मग सांग मला, भरली की सुजली." मुली पाठीमागे हसत. एकीनं तर माझी नक्कल बसवली होती, कमरेवर हात ठेवून, "पोतं आहे का, पोतं?" मी ती दाराआडून पाहिली आणि तशीच निघून गेले. तो शब्द मला का सोसवत नाही, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. आता सांगते.

आमचं गाव वडनेरजवळचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली, ती माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. लहानपणी चुलीवरचं आधण माझ्या मानेवर सांडलं होतं, त्याचा डाग कानापासून खांद्यापर्यंत. मला पाहायला आलेले पाहुणे धाकटीला पसंत करून जात. तिसऱ्या वेळी असं झालं तेव्हा, पाहुणे गेल्यावर, वडील आईला म्हणाले, "हिले आपण शिकवू." आणि मला वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. पन्नासच्या दशकातली गोष्ट ही. भावकीत बोलणं झालंच, मास्तरनं पोरगी लोकायचं गूमूत काढाले धाडली म्हणून. मला त्याचं काही नव्हतं. घरातून निघताना मी रडलेसुद्धा नाही. रडली ती धाकटी.

तिचं लग्न देवळीला झालं. घर चांगलं, दुकान चालतं, नवरा सरळ. एकच काटा होता: माझी बहीण अंगानं अगदीच काडी. सासू वाईट नव्हती, पण उठता-बसता म्हणायची, "लोकं इचारतात, सुनेले खाऊ घालता का नाई?" हे माझ्या आईला फार लागलं होतं. देवळीला जाणाऱ्या कोणाच्याही हाती ती काहीतरी पाठवायची, तूप, डिंकाचे लाडू, शेंगदाणे. मला पत्र यायचं ते वडिलांच्या अक्षरात, पण वाक्यं आईची. प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं: "धाकटी अजून भरली नाई."

वर्ध्याला आम्हाला शिकवायला एक केरळकडच्या बाई होत्या. काळ्यासावळ्या, बुटक्या, पांढऱ्या साडीची इस्त्री कधी मोडायची नाही. मराठी त्यांना मोडकीच येत होती, हिंदी अर्धी. एकदा वर्गात काकडी घेऊन आल्या. चकत्या केल्या, बशीत मांडल्या, वर मीठ टाकलं आणि हाताची घडी घालून बसल्या. थोड्या वेळात बशीत पाणी सुटलं. "पानी किधर से आया? कोण सांगते?" मी हात वर केला. कोशिंबीर आमच्या घरी रोजची. "मिठानं ओढून काढलं, बाई." त्या खूश झाल्या. "हां! मीठ जिधर, पानी उधर. याद ठेवा."

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. रक्तातलं पाणी नळीच्या आत राहतं, कारण रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. मूत्रपिंड म्हणजे चाळणी. चाळणी धड असेल तर प्रथिनं आत राहतात, घाण बाहेर जाते. चाळणी बिघडली की प्रथिनं लघवीतून गळतात, पाण्याला धरणारं कोणी राहत नाही, आणि ते नळीबाहेर पडून कातडीखाली साठतं. सकाळी तोंडावर दिसतं, संध्याकाळी पायांवर. माणूस धष्टपुष्ट वाटतो आणि आतून रिकामा होत असतो.

त्यानंतर बाई आम्हाला वॉर्डात घेऊन गेल्या. एका म्हाताऱ्या मजुराच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा पडला होता, आणि तो तसाच राहिला. म्हातारा स्वतःच आपल्या पायाकडे वाकून पाहत होता. "चरबी असेल तर खड्डा राहत नाही," बाई म्हणाल्या. "पानी असेल तर राहते." परत येऊन परीक्षानळीत लघवी उकळायला शिकवलं. वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, दोन थेंब आम्ल टाकायचं. स्वच्छ राहिली तर ठीक. पांढरी जमली तर चाळणी फाटली. आणि शेवटी, वही बंद करायच्या आधी, त्यांनी सांगितलं की पोटुशीच्या बाबतीत हे सगळ्यात वाईट. आधी सूज, मग डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक, मग झटके. मी ते सुबक अक्षरात लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. चाचणी परीक्षेत मी वर्गात पहिली आले.

महिन्याभरानं मी तीन दिवसांची रजा घेऊन घरी गेले. धाकटीला सातवा सरत आला होता, आणि पहिलटकरीण म्हणून तिला माहेरी आणलं होतं. ओटी भरायची होती. कापूस वेचणीचे दिवस होते, हिंगणघाटच्या वाटेवर गाड्यांची रांग होती. मी वर्ध्याच्या बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या, एक डझन, माझ्याच मापाच्या. आमचा दोघींचा हात सारखा. लहानपणी एकीच्या बांगड्या दुसरीच्या हातात असत, आणि त्यावरून मारामाऱ्या.

दारात उभी असलेली माझी बहीण मी पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. गाल वर आले होते. गळ्याजवळची हाडं, जी लहानपणापासून पाहत आले होते, ती दिसतच नव्हती. दंडाला चोळी घट्ट बसली होती. ती हसली, आणि हसताना डोळे बारीक झाले.

"पाह्य न ताई," ती म्हणाली, "भरली न मी?"

आई तिच्या मागे उभी होती. आईच्या तोंडावर असं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "महिन्याभरात भरली बाप्पा पोरगी," आई म्हणाली. "आता येऊ दे तिच्या सासूले."

"तू दवाखान्यात शिकून राह्यली," धाकटी म्हणाली. "तूच सांग. भरली का नाई?"

"भरली," मी म्हटलं. "एकदम झकास भरली!" आणि तिच्या गालाचा चिमटा घेतला. माझ्या वहीत दोन रेघा ओढलेलं ते वाक्य होतं, आणि मी तिच्या गालाचा चिमटा घेतला. देवाशपथ सांगते, मला एका क्षणासाठीही काही आठवलं नाही. सूज ही वॉर्डातल्या म्हाताऱ्याच्या पायावर असते. माझी बहीण भरली होती.

दुसऱ्या दिवशी कासारीण आली. मी आणलेल्या बांगड्या धाकटीच्या हातात जाईनात. कासारणीनं साबण लावला, बोटं मुडपली, दाबली, आणि एकेक करून कशातरी चढवल्या. "हात चांगला भरला व तुमच्या पोरीचा," ती आईला म्हणाली. बायका हसल्या, मीही हसले. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. धाकटीला तिखट-खारट खायची फार इच्छा होत होती, म्हणून संध्याकाळी मीच तिला सांडग्या मिरच्या तळून दिल्या. पाच का सहा. पुढे शास्त्र बदललं, पोटुशीच्या त्या आजाराचा मिठावरचा आरोप डॉक्टरांनी बराचसा मागे घेतला. माझ्यावरचा मागे घ्यायला कोणी नव्हतं.

ओटीच्या दिवशी गावची सुईण आली होती. साठीच्या पुढची, एका डोळ्यात फूल पडलेलं, आमच्या दोघींची नाळ तिनंच कापलेली. आम्ही तिला आजी म्हणायचो. ती धाकटीजवळ बसली, तिच्या पायांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "जोडवे काढून ठेव व माय. बोटात रुतून राह्यले."

सवाष्णीनं, तेही ओटीच्या दिवशी, जोडवी काढायची? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आई म्हणाली, "असं काऊन बोलता मावशी? आज काय दिवस आहे?"

"दिवस चांगलाच आहे. पण मले हे भरणं नाई वाटत बाप्पा. तोंडावर सूज आहे पोरीच्या. डोकंबिकं दुखते का व?"

"दुखते थोडंसं," धाकटी म्हणाली. "अन् मधामधात डोयापुढे काजवे चमकतात."

आता पाहा. डोकं दुखतं, हे तिनं म्हटलं. डोळ्यांपुढे काजवे, हेही म्हटलं. सूज, हे एका अडाणी बाईनं म्हटलं. माझ्या वहीतलं पान माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं जात होतं. आई माझ्याकडे पाहत होती. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या, कारण तिथं शिकलेली मी एकटी होते. आणि मला राग आला. सुईणीचा राग आला, की ही कोण मोठी लागून गेली माझ्यासमोर सांगणारी. आईच्या आनंदावर विरजण घालते, त्याचा राग आला.

"आजी," मी म्हटलं, "तुम्हाले काय समजते त्यातलं? शिकून मी राह्यली का तुम्ही? उगाच पोटुशीच्या मनात काईबाई भरवू नका. उन्हात बसली असंल, म्हणून डोकं दुखते."

सुईणीनं धाकटीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि उठून गेली. जोडवी तशीच राहिली.

मी वर्ध्याला परत आले. निघताना धाकटी गाडीपर्यंत आली. "बाळंतपणाले येजो हो ताई," ती म्हणाली. मी म्हटलं, "येते न, वेडी." बस, एवढंच.

दहा-बारा दिवसांनी सकाळी मी लघवी तपासायच्या खोलीत होते. बाईंनी एक बाटली आणून दिली, म्हणाल्या, नवीन केस आली आहे, जल्दी बघ. मी दिवा पेटवला, नळी धरली. लघवी सगळी तापली आणि नळीतलं सगळं, वरपासून खालपर्यंत, पांढरं घट्ट जमून गेलं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला शिकवताना नुसतं ढगाळ झालेलं दाखवत. मी नळी उलटी केली तरी थेंब पडला नाही. आणि मला आनंद झाला. मी हे लपवत नाही. पुस्तकात लिहिलंय तसं, तंतोतंत. मी नळी हातात घेऊन व्हरांड्यातून जवळजवळ धावत गेले, "बाई, पूर्ण जमली! पूर्ण!"

व्हरांड्यात खाली, भिंतीला टेकून, माझी आई बसली होती.

तिनं मला पाहिलं. माझ्या हातातली नळी पाहिली. ती काय आहे हे तिला कळायचं कारण नव्हतं. "आली का व," एवढंच म्हणाली. शेजारी वडील उभे होते. पहाटे घरी झटका आला होता, मग गाडी, मग मोटार, आणि वाटेत आणखी तीन.

खोलीच्या खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला होता, कारण उजेडानं आणि आवाजानंही झटका येतो. खाटेवरची बाई मी ओळखली नाही. खरंच सांगते, ओळखली नाही. तोंड फुगून गेलं होतं, जीभ दाताखाली चिरली होती. बांगड्या ओळखल्या.

बाईंना अजून माहीत नव्हतं की ती माझी कोण. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ये चुडी निकालो. फिट में टूटेगी, हात कटेगा." मी काढायला गेले. एकही निघेना. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, कारण जितीजागती सवाष्ण समोर असताना तो शब्द तोंडातून काढायचा नसतो. मी तिच्या मनगटाखाली कापसाची गादी ठेवली, वर फडकं घातलं, आणि चिमट्यानं एकेक बांगडी आवाज न होऊ देता फोडली. बारा. शेवटची काढली तेव्हा मनगटावर गोल खाच राहिली होती. मी वाट पाहत राहिले ती भरून येण्याची. मग मोजायला लागले, सवयीनं. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. खाच तशीच होती. तेव्हा माझ्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण बाईंनी मला खांद्याला धरून बाहेर नेलं. तिथं आईला पाहून त्यांना सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. बाळ त्याआधीच गेलेलं होतं, मुलगा होता. त्या वेळी आजच्यासारखी औषधं नव्हती, पण दहा-बारा दिवस होते. दहा-बारा दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून, खाणं बदलून, वेळीच बाळंत करून बायका वाचलेल्या मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. कोणी म्हणेल, नसती वाचली. नसतीही वाचली कदाचित. पण ते मला कधीच कळणार नाही, माझ्यामुळं.

मी शिक्षण सोडायला निघाले होते. बाईंनी माझी पेटी उचलून परत खाटेखाली सारली. "जाके क्या करेगी?" म्हणाल्या. "रोएगी? इधर रो. बाद में वॉर्ड में जा." मी तसंच केलं.

घरी मात्र मी आईच्या डोळ्याला डोळा भिडवू शकत नव्हते. कारण आईनं एक वाक्य धरलं होतं. देवळीची माणसं भेटायला आली, नात्यातले आले, वर्षं गेली, तरी कोणी धाकटीचं नाव काढलं की आई म्हणायची, "नशीब तिचं. बाकी शेवटी पोरगी चांगली भरली होती. काई दुखणंबिखणं नवतं. एकाएकी झालं." सासूलाही तिनं हेच सांगितलं, ताठ मानेनं. मला वाटायचं, आईपाशी एवढं एकच सुख उरलंय, की लेक उपाशी, सुकलेली गेली नाही. ते मी कसं हिसकावून घेऊ? सांगायचं म्हणून मी किती वेळा तिच्यासमोर बसले, आणि भाजी निवडून उठले. सुईण आणखी सात-आठ वर्षं जगली. मला पाहिलं की वाट सोडून उभी राहायची, पण गावात तिनं कधी चकार शब्द काढला नाही. मी तिच्या पाया पडायला गेले नाही. धीर झाला नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याजवळ राहायला आली. मी लग्न केलं नव्हतं. शेवटच्या वर्षी आईचं हृदय थकलं, आणि पाय सुजू लागले. एका सकाळी मी तिच्या खाटेशी बसून नडगीवर अंगठा दाबला. इतक्या वर्षांची सवय, मनात मोजू लागले. अंगठा काढला. आई उशीवरून मान उचलून त्या खड्ड्याकडे पाहत होती.

"असेच होते न तिचे पाय?" ती म्हणाली.

मी उशाची चादर सरळ करू लागले.

"सुईणमावशीनं दाखवलं होतं मले. त्या दिवशी, गाडीत टाकताना. असाच दाबला तिनं, अन् असाच खड्डा. म्हणे, मी बोलली होती, पण तुमच्या पोरीनं ऐकलं नाई."

"आई," मी म्हटलं, "तुले इतकी वर्सं माहीत होतं? मंग तू सगळ्यायले काऊन सांगत राह्यली, भरली होती, भरली होती?"

आईनं पाय थोडा आखडून घेतला, आणि लुगड्यानं तो खड्डा झाकला.

"दोन पोरी होत्या मले," ती म्हणाली. "एक तं गेलतीच."